काम बदलते तेव्हा वाटणी कशी करावी?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल. गायमुखच्या घाटात कधी वाहनांची लांबलचक रांग असते, तर कधी तो मोकळा असतो आणि गर्दी मानपाड्याला सरकलेली असते. समजा, पुढच्या दहा मिनिटांत कोठे किती वाहने असतील, हे संगणकाने काढायचे आहे. रुग्णवाहिका कोणत्या वाटेने न्यावी, हे त्यावरून ठरणार आहे. उत्तर उशिरा आले, तर बरोबर असूनही निरुपयोगी!

म्हणून एकाऐवजी चार प्रक्रियक एकाच वेळी कामाला लावू. यालाच समांतर संगणन म्हणतात. आता प्रश्न असा, की कामाची वाटणी कशी करायची?

पहिली रीत सरळ आहे. माजिवडा ते गायमुख या रस्त्याचे चार भाग करून प्रत्येक प्रक्रियकाला एकेक द्यायचा. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र. वाहनाने हद्द ओलांडली, की शेजाऱ्याला निरोप जातो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक असाच निरोपांवर चाले. अशा निरोपांसाठी १९९४ मध्ये 'एमपीआय' हे प्रमाण ठरले.

एकूण ४०० वाहने आहेत आणि एका वाहनाच्या गणिताला एक क्षण लागतो, असे धरा. प्रत्येक भागात १०० वाहने असतील, तर १०० क्षणांत काम संपेल. पण गायमुखकडच्या भागात २५० साचली आणि इतर भागांत ५०-५० राहिली, तर? तिघे ५० क्षणांत मोकळे होतात आणि चौथ्यासाठी २०० क्षण खोळंबतात, कारण सर्वांचे झाल्याशिवाय पुढच्या मिनिटाचे गणित सुरू करता येत नाही.

दुसरी रीत सामाईक स्मृतीची. कामांचा एकच ढीग ठेवायचा. जो मोकळा होईल, त्याने पुढचे काम उचलायचे. १९९७ पासूनच्या 'ओपनएमपी'त अशी सोय आहे. भार आपोआप सारखा होतो. मात्र एकच काम दोघांनी उचलू नये म्हणून ढिगाला जणू कुलूप लावावे लागते. प्रक्रियक फार वाढले, की ढिगापाशीच रांग लागते!

तिसरी रीत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक लक्ष्मीकांत काळे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'चार्म प्लस प्लस'मध्ये आहे. रस्त्याचे चार नव्हे, ४० तुकडे करायचे, प्रत्येकाकडे दहा. गर्दीच्या दहा तुकड्यांत २५-२५ वाहने, बाकीच्यांत पाच-पाच. गर्दीचे सहा तुकडे उचलून इतर तिघांना दोन-दोन दिले, की प्रत्येकाकडे पुन्हा १०० वाहने! तुकडे हलवायलाही वेळ लागतो; पण मागच्या मिनिटाची गर्दी बहुधा पुढच्या मिनिटालाही टिकते, म्हणून तो खर्च भरून निघतो. प्रथिनांच्या रेणूंची हालचाल काढणारी 'एनएएमडी' ही आज्ञावली याच पायावर उभी आहे.

म्हणजे भार स्थिर असेल, तर पहिली रीत पुरे. तो बदलता असेल आणि प्रक्रियक थोडे असतील, तर दुसरी. प्रक्रियक पुष्कळ असून भार सावकाश बदलत असेल, तर तिसरी.

वर्गात ४०० चिंचोके आणि चार मित्र घेऊन तिन्ही रीतींनी मोजणी करा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा; चिंचोके हलवायला लागलेला वेळही धरायला विसरू नका.