संगणकाची कोठी आणि खेळाचा खोळंबा

तलावामुळें व भोसल्यांच्या वाड्यामुळें नागपुरांत परिचित असलेल्या सक्करदरा वस्तींत संध्याकाळीं एखाद्या घरांत डोकावलें, तर पुढील देखावा दिसण्याचा संभव आहे. कॉलेजांत जाणारा मुलगा संगणकावर खेळ सुरू करतो; पडद्यावरील रेघ मुंगीच्या पावलानें सरकूं लागते; तो उठून चहा घेऊन येतो, तरी रेघ निम्म्यावरच असते. ‘नवी डिस्क आणल्याशिवाय भागावयाचें नाहीं,’ असें तो म्हणतो. आणि ‘आहे ती बिघडली आहे काय?’ असें वडील विचारतात. प्रश्न कांहीं हजार रुपयांचा असल्यामुळें त्याचें उत्तर नीट शोधणें अगत्याचें आहे.

संगणक म्हणजे एखादें किराणा दुकान अशी कल्पना करावी. गल्ल्याजवळ हाताशी असलेला माल म्हणजे रॅम, आणि मागची कोठी म्हणजे डिस्क. खेळांतील चित्रें, ध्वनि, नकाशे हें सर्व कोठींत असतें. खेळ सुरू होतांना तें गल्ल्याजवळ आणावें लागतें. जुन्या हार्ड डिस्कमध्यें ही कोठी अक्षरशः फिरती असते. चुंबकीय लेपाच्या तबकड्या सामान्यतः मिनिटाला ७२०० फेरे घेतात व एक बारीक दांडी ग्रामोफोनच्या सुईप्रमाणें त्यांवरून सरकते. मात्र ती तबकडीला टेकत नाहीं. हव्या त्या वर्तुळावर जाण्यास दांडीला सुमारें ९ सहस्रांश सेकंद लागतात, आणि हवी ती जागा फिरत तिच्याखालीं येईपर्यंत सरासरी आणखी ४. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ ठिकाणें गांठतां येतात. खेळाचे ३००० तुकडे इतस्ततः विखुरलेले असले, तर केवळ या धांवाधांवींतच ४० सेकंद खर्ची पडतात. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आणलेल्या पहिल्या डिस्कमध्यें दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. पुढें आकार घटला, परंतु फिरण्याचें तत्त्व तेंच राहिलें.

एस.एस.डी. नांवाच्या नव्या कोठींत कांहींच फिरत नाहीं. जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनीं तोशिबा कंपनींत शोधून काढलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती आधारलेली आहे. सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युत्भार वीज गेल्यावरहि टिकतो, आणि कोणताहि कप्पा गांठण्यास साधारणतः एक दशसहस्रांश सेकंद पुरतो. वरील ३००० तुकडे ती अर्ध्या सेकंदाच्या आंत हुडकून काढते. हार्ड डिस्क सोडून एस.एस.डी. घेतल्यानें जो फरक जाणवतो, त्याचें रहस्य हेंच.

परंतु दुसऱ्या पायरीवर हिशेब बदलतो. साटा जोडणीची एस.एस.डी. सेकंदाला सुमारें ५५० मेगाबाइट माहिती देते, एन.व्ही.एम.ई. प्रकारची ३५०० पासून ७००० व त्याहूनहि अधिक. आंकडे डोळे दिपविणारे आहेत, तथापि बहुतेक खेळांत या दोहोंतील अंतर थोड्या सेकंदांचेंच पडतें. कारण, कोठींतला माल गाठोड्यांत बांधलेला असतो व तीं सोडण्याचें काम प्रोसेसरला करावें लागतें. हमाल कितीहि चपळ असला, तरी गाठोडीं सोडणाऱ्याचा हात मंद असल्यास गिऱ्हाईक खोळंबतेंच.

जी.टी.ए. ऑनलाइन या खेळाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. तो उघडण्यास अनेकांना कित्येक मिनिटें लागत. २०२१ सालीं एका खेळाडूनें कारण शोधून काढलें: सुमारें १० मेगाबाइटांची एक यादी वाचतांना प्रत्येक नोंदीपाशीं तिची लांबी पुनःपुन्हां मोजली जात होती! हा दोष दूर करतांच त्याच्या संगणकावरील प्रतीक्षा सुमारें ७० टक्क्यांनीं घटली, आणि खेळाच्या निर्मात्यांनीं त्याला १०,००० डॉलरचें पारितोषिक दिलें. त्या दोषावर महागांतली महाग डिस्कहि उतारा ठरली नसती.

म्हणून खरेदीपूर्वीं निदान करावें. विंडोजवरील टास्क मॅनेजर उघडून खेळ सुरू होत असतां डिस्कचा रकाना पहावा. तो शंभर टक्क्यांच्या आसपास खिळून राहिला, तर दोष कोठीचा. डिस्क स्वस्थ व प्रोसेसर घामाघूम असेल, तर दोष अन्यत्र. खेळ चालू असतांना चित्र अडखळत असेल, तर तें काम बहुधा ग्राफिक्स कार्डाचें असतें. नवी डिस्क तेथें सहसा उपयोगी पडत नाहीं.

निदान झाल्यावर आपल्या मदरबोर्डाला कोणती जोडणी चालते, हें त्याच्या पुस्तिकेंत पाहूनच सीताबर्डीच्या बाजाराची वाट धरावी. एन.व्ही.एम.ई. डिस्क फार तापली कीं आपण होऊन वेग कमी करते. मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरांत जात असल्यामुळें तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी असणें बरें. पेटी उघडण्यापूर्वीं वीज तोडावी, आणि त्याहूनहि आधीं घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें यांची एक प्रत दुसरीकडे करून ठेवावी. खेळ पुन्हां उतरवून घेतां येतो. आजीचें छायाचित्र येत नाहीं.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. जुनी डिस्क बिघडलेली नाहीं, ती केवळ मंद आहे. खेळाचें ओझें तिच्यावरून उतरवावें, आणि जेथें घाई नसते अशा छायाचित्रांच्या प्रती सांभाळण्याचें काम तिच्याकडे सोंपवावें.