मुरमातले गोटे कोणी घडवले?

मंगरूळपीरच्या एका वाचकाने विचारले आहे: विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागला आणि त्यात गोल गोल दगड निघाले. जवळपास नदी नाही, ओढा नाही. मग हे घासले कुणी?

कुणीच नाही. ते जागच्या जागी गोल झाले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आलेला लाव्हा निवताना आक्रसला, काळ्या पाषाणाला आडव्याउभ्या चिरा पडल्या आणि त्याचे ठोकळे झाले. या चिरांतून पावसाचे पाणी उतरते. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड असतोच, मुळांनी मातीत सोडलेला आणखी मिसळतो आणि पाणी किंचित आम्ल होते. पाषाणातल्या फेल्डस्पार, पायरॉक्सिन या खनिजांना ते सावकाश कुरतडते. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकीकडूनच भिडते, कोपऱ्याला तिन्हीकडून. म्हणून कोपरे आधी झिजतात. लोह गंजते, कॅल्शियम विरघळून चुनखडीचे खडे होतात आणि कांद्यासारखे एकेक पापुद्रे सुटतात. त्यांचाच मुरूम, आणि पुढे कपाशीची काळी माती.

‘हे तर आमच्या उन्हाचे काम’ असे म्हणणारे विदर्भात पुष्कळ भेटतील. दिवसा तापतो, रात्री निवतो, म्हणून दगड तडकतो! अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी हे तपासून पाहिले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ग्रॅनाइटचा चकचकीत तुकडा ८९,४०० वेळा तापवून निववला होता. म्हणजे २४४ वर्षांचे दिवस नि रात्री. कोरड्या हवेत त्याला काहीही झाले नाही. (इतका काळ ‘काही घडले नाही’ एवढेच लिहीत बसणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.) मग निववताना पाण्याचा फवारा मारला, तर थोड्याच काळात चमक गेली, तडे दिसू लागले. तुकडा लहान होता, चहूबाजूंनी मोकळा होता, त्यामुळे मोठ्या खडकांच्या बाबतीत आजचे अभ्यासक उन्हाला अगदीच निर्दोष सोडत नाहीत. पण पाण्यावाचून उन्हाचे फारसे चालत नाही, हे खरे.

राहिला बर्फ. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, चिरेत पाचरीसारखे बसते आणि लडाखमध्ये कडे फोडते. मंगरूळपीरला तेवढा गारठा कुठला?

तरी खडकांची ही झीज, म्हणजे अपक्षय, शिकवताना वर्गात हिमालयाचेच चित्र निघते. वाशिम जिल्ह्यातल्या शिक्षकांनी त्याऐवजी मुलांना एखाद्या नव्या विहिरीवर न्यावे. एक गोटा नि एक घण पुरे: वरचे पापुद्रे बोटांनी सुटतील, आतला निळसर काळा पाषाण घणालाही दाद देणार नाही.