सहा मीटरची खोली, दोन हजार किलोमीटर दोरा

आपल्या छत्रपती संभाजीनगरला ५२ दरवाजांचं शहर म्हणतात. पेशीतल्या केंद्रकाच्या भिंतीला दोन-तीन हजार दरवाजे असतात, आणि अख्खं केंद्रक असतं मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढं!

त्यात ४६ गुणसूत्रं. सगळ्यांचा डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो. हे डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून सारं दहा लाख पटींनी मोठं करू. केंद्रक होईल सहा मीटर व्यासाची गोल खोली आणि डीएनए २ मिलिमीटर जाडीचा दोरा. लांबी २,००० किलोमीटर, म्हणजे क्रांती चौकातून निघून मुंबईच्या तीन खेपा, येऊन-जाऊन. सर्वांत छोटं २१वं गुणसूत्र दौलताबादपर्यंत पोचेल, तर सर्वांत मोठं पहिलं गुणसूत्र जालना ओलांडून बरंच पुढे जाईल.

एवढा दोरा मावतो कसा, याचंच सगळ्यांना नवल वाटतं. पण हिशेब करून पाहा. दोऱ्याचं घनफळ सव्वासहा घनमीटर आणि खोलीचं ११३. जेमतेम अठरावा हिस्सा! जागेची अडचण नाहीच. खरं नवल हे, की त्यातला हवा तो तुकडा हव्या त्या वेळी सापडतो. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारं बीटा-ग्लोबिन जनुक आपल्या खोलीत फक्त अर्धा मीटर लांब आहे. दोन हजार किलोमीटरांत अर्ध्या मीटरचे दोनच तुकडे, एक आईकडचा, एक वडिलांकडचा.

ते सापडतात, कारण दोरा अस्ताव्यस्त पडलेला नसतो. प्रत्येक गुणसूत्राचा आपापला इलाखा ठरलेला असतो. १९वं गुणसूत्र आकाराने लहान, पण १,४०० च्या आसपास जनुकांनी गजबजलेलं. ते गुलमंडीसारखं मधोमध असतं. त्याहून मोठं पण जनुकांनी विरळ असलेलं १८वं भिंतीलगत राहतं. एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली हे दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आणखी आत डोकावून पाहिलं. सहाव्या गुणसूत्रावर रोगप्रतिकाराच्या जनुकांचा एक पट्टा आहे. सॅटबी-१ आणि पीएमएल ही प्रथिनं त्याची वेटोळी घडवतात, आणि वेटोळी बदलली की जनुकांचं कामही बदलतं.

बीटा-ग्लोबिनचंही तसंच. त्याला जोरात कामाला लावणारी कळ दोऱ्यावर पंधरा-वीस मीटर दूर आहे. दोऱ्याचं वेटोळं होतं, कळ जनुकाला येऊन भिडते आणि हिमोग्लोबिन बनू लागतं.

अस्थिमज्जेतली कोवळी पेशी असं हिमोग्लोबिन भरून घेते आणि मग लाल पेशी होण्यासाठी अख्खं केंद्रकच बाहेर टाकते. प्रौढ माणसाच्या शरीरात अशा सुमारे २० लाख पेशी दर सेकंदाला तयार होतात. प्रत्येकीमागे दोन मीटर धरा. कुठलंही माप न वाढवता, अगदी खऱ्या लांबीत, सेकंदाला ४,००० किलोमीटर डीएनए आपण टाकून देतो.