सूचनापत्राची पावती

पावती हाती आली की आपल्याला निर्धास्त वाटते. पण पावती कशाची, हे आपण क्वचितच विचारतो. अमेरिकेतील रोख्यांचा व्यवहार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

कॅन्सस राज्याने १९११ साली रोखेविक्रीला परवान्याचे बंधन घातले. भोळ्या माणसाला निळे आभाळसुद्धा विकतील अशा ठकांना आवर घालावा, हा त्यामागील हेतू. पुढे १९९६ च्या मध्यवर्ती कायद्याने काही रोख्यांपुरता राज्यांचा हा पूर्वपरवानगीचा अधिकार काढून घेतला. सूचनापत्र मागणे, शुल्क घेणे आणि लबाडीचा तपास करणे एवढे त्यांच्याकडे राहिले.

खाजगी रीतीने भांडवल उभारणारी कंपनी पहिल्या विक्रीपासून पंधरा दिवसांत मध्यवर्ती आयोगाकडे 'डी' नमुना भरते. त्याला शुल्क नाही. राज्ये मात्र आपापले शुल्क घेतात: कॅलिफोर्नियात अधिकात अधिक तीनशे डॉलर, टेक्सासात पाचशे. २०१४ च्या अखेरीस राज्य-नियामकांच्या संघटनेने संगणकावरून सूचनापत्रे भरण्याची सोय केली. तिच्या वापराचे शुल्क राज्यांच्या शुल्काहून वेगळे. आरंभी ते दर भांडवल-उभारणीस दीडशे डॉलर होते.

मग या पैशांत काय मिळाले? राज्याला वर्दी मिळाली, एवढेच. रोखा चोख आहे असा निर्वाळा कोणी दिलेला नाही. उद्या तक्रार आली, तर विकणारा कोण हे दप्तरी सापडेल. पण गेलेली पुंजी त्या दप्तरात सापडत नाही. म्हणून पावती पाहून नव्हे, व्यवहार पारखूनच आपण पैसा गुंतवावा.