गुप्त करार, उघडा हिशेब

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला दारातच गाठलं. ते म्हणाले, "सर, भ्रष्टाचार वाईट, हे सगळं मान्य. पण उद्योग आणायचे तर थोडं चालवून घ्यावं लागतं. फार चौकश्या करत बसलो तर गुंतवणूकदार शेजारच्या राज्यात जातो." गृहस्थ स्वतः लघुउद्योजक आहेत, आणि प्रश्न प्रामाणिक होता. उभ्या उभ्या उत्तर देणं जमलं नाही, म्हणून आजचं बोलणं त्याच प्रश्नावर.

हा प्रश्न आपल्याकडेच विचारला जातो असं नाही. १९६४ साली नाथानिएल लेफ या अमेरिकन अभ्यासकाने तो जवळजवळ सिद्धान्त म्हणून मांडला. १९६८ मध्ये सॅम्युअल हंटिंग्टन यांनी त्याला आपलं वजन दिलं. सरकारी यंत्रणा गंजलेली असेल तर लाच हे वंगण, चाक फिरतं तरी, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे त्याच सुमारास, १९६४ मध्येच, संथानम समितीने वेगळं निरीक्षण नोंदवलं होतं, आणि गुन्नार मिर्दाल यांनी पुढे ते उचलून धरलं. वंगण मिळतं असं एकदा कळलं की चाक मुद्दाम गंजवलं जातं. फाइल लवकर हलण्यासाठी पैसे मिळत असतील, तर पैशांशिवाय ती लवकर हलवण्यात कारकुनाचा काय फायदा? १९९५ मध्ये पाओलो मौरो यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी, असंच दिसून आलं.

पण मंडळी, आकडेवारीने कोणाचं मत बदलत नाही. आमचंही बदललं नव्हतं. आमचं बदललं दाभोळमुळे.

१९९५ साली आम्ही महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. स्टाफरूममध्ये एन्रॉनवर रोज वाद व्हायचा, आणि आम्ही, सांगायला लाज वाटते, एन्रॉनच्या बाजूचे. वीज हवी आहे ना? मग कोणीतरी तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प कोकणात उभा करतंय, तर हे लोक कागद मागत काय बसलेत? विरोध करणाऱ्यांना आम्ही सरसकट 'विकासविरोधी' म्हणत असू. कराराचा मजकूर आम्ही वाचला नव्हता. वाचणार कुठून? तो गोपनीय होता. जो करार आपल्याला दाखवायचंच नाकारलं गेलं, त्याचं आपण हिरिरीने समर्थन करतो आहोत, यात काही विसंगती आहे हे तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये!

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे लोक महाराष्ट्रात आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आहे आणि त्याची वीज महाग पडेल, असं बँकेचं मत. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला, वीस वर्षांचा. त्याला राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी.

करारात होतं काय? हे समजून घ्यायला खानावळीची कल्पना करा. आपल्यातले बरेच जण कधी ना कधी सदाशिव पेठेतल्या खानावळीत जेवले असतील. महिन्याचे पैसे भरायचे, पण गावाला गेलात, आधी सांगितलंत, तर खाडा धरतात, तेवढे पैसे वजा. आता अशी खानावळ डोळ्यांसमोर आणा, जिथे खाडा नाही. जेवा वा जेवू नका, ताट तयार ठेवलं होतं ना, मग पैसे द्या. आणि घरात खाणारी माणसं दहा असताना ताटं चाळीस मांडलेली. वर हिशेब डॉलरमध्ये! कराराच्या वेळी डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४६ च्या पुढे गेला. भाजी महागली तर तोही भार जेवणाऱ्यावर, म्हणजे इंधनाचे भाव वाढले तर बिल वाढणार. दाभोळचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालायचा, आणि नाफ्थ्याचा भाव कच्च्या तेलाबरोबर वर चढला.

हे सगळं आम्हाला कुणी समजावलं? आपल्याच शहरातल्या 'प्रयास' या तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या संस्थेतल्या तरुण अभियंत्यांनी. गिरीश संत, शंतनु दीक्षित, सुबोध वागळे ही मंडळी. त्यांनी १९९५ मध्ये कराराचं तांत्रिक आणि आर्थिक विश्लेषण करून ते इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापलं. कोणी लाच खाल्ली, हा त्यांचा विषयच नव्हता. कॅल्क्युलेटर घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, की हे पैसे वीज मंडळ भरणार कुठून? गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले. त्यांच्याशी आमची फारशी ओळख नव्हती, पण आम्ही त्यांचे विद्यार्थी आहोत असं मानतो. वयाने ते आमच्याहून लहान, ही गोष्ट वेगळी.

पुढचं आपल्याला माहीतच आहे. १९९५ मध्ये सरकार बदललं, ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, आणि काही महिन्यांत त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. दोन्ही वेळी लोकांना कागद आधी दिसले नाहीत. म्हणजे हा दोष एका पक्षाचा नव्हता. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. बिलं येऊ लागली तसा वीज मंडळाचा श्वास कोंडू लागला. २००१ च्या सुरुवातीला बिलं थकली, मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली, तिथल्या हिशेबातल्या लबाडीमुळे. अंजनवेलचा प्रकल्प बंद पडून राहिला. त्यात आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांचं कर्ज अडकलं होतं, म्हणजे शेवटी आपल्यासारख्या ठेवीदारांचा पैसा.

आता इथे सावध बोललं पाहिजे. दाभोळमध्ये अमक्याने लाच घेतली, असं कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. १९९५ च्या जानेवारीत एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सांगितलं, की भारतीयांचं 'शिक्षण' आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. त्यावर इथे गदारोळ झाला. कंपनी म्हणाली, तो सगळा रीतसर खर्च आहे. तो वाद तिथेच राहिला. आम्हाला त्यात शिरायचं नाही, कारण आमचा मुद्दा त्याच्याशिवायही उभा राहतो.

मुद्दा असा. आपण भ्रष्टाचार म्हटलं की पाकीट डोळ्यांसमोर आणतो. चहापाणी, चिरीमिरी, टक्केवारी. पाकीट सापडलं तर भ्रष्टाचार, नाही सापडलं तर सगळं आलबेल. इमान्युएल कांट यांनी १७९५ मध्ये चिरंतन शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या परिशिष्टात एक कसोटी आहे. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेली एखादी कृती करताना आपलं धोरण उघड सांगितलं तर ती कृती पारच पडणार नाही, अशी स्थिती असेल, तर ती अन्याय्य समजावी. बघा, या कसोटीला पाकीट शोधावं लागत नाही. १९९३ चा करार सहीच्या आधी वर्तमानपत्रात छापला असता तर तो टिकला असता का? आमच्या मते नसता. मग पैसे कोणी खाल्ले का, हा पोलिसांचा प्रश्न राहतो. करार योग्य नव्हता, हे त्याआधीच ठरलं.

आणि आता त्या उद्योजक गृहस्थांचा प्रश्न. गुंतवणूक म्हणजे काय? वीस-वीस वर्षांचं वचन. वीस वर्षांत महाराष्ट्रात चार निवडणुका होतात. बंद खोलीत दिलेलं वचन फक्त त्या खोलीतल्यांचं असतं. सरकार बदललं की नवा माणूस म्हणतो, हे माझं नाही. लोकही म्हणतात, आम्हाला विचारलं कुठे होतं? जे वचन उघड्यावर, आक्षेप ऐकून, उत्तरं देऊन दिलं जातं, ते मोडणं नव्या सरकारलाही जड जातं. तेव्हा चौकशीमुळे गुंतवणूकदार पळतो हे अर्धसत्य आहे. झटपट काम उरकून जाणारा पळतो. वीस वर्षं राहायला आलेल्याला चौकशी आधी झालेलीच बरी, कारण ती नंतर होणारच असते, आणि तेव्हा त्याचा कारखाना उभा असतो. दाभोळमध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या भागीदारांना हे चांगलंच कळलं असावं. परदेशी वीज कंपन्या त्यानंतर कैक वर्षं इकडे यायला बिचकत राहिल्या.

हे आपल्यापुरतं नाही, हे दाखवायला समुद्रापलीकडे जाऊ. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिक आहे. तिथे किनाऱ्यालगत नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले, देश आता वर येणार असं सगळे म्हणू लागले. २०१३ आणि २०१४ मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे दोनशे कोटी डॉलरचं कर्ज उचललं. किनाऱ्यावर गस्त, ट्यूना मासेमारीच्या बोटी, जहाजदुरुस्ती, अशी कारणं. त्याला सरकारची हमी होती, पण संसदेला विचारलं नव्हतं, आणि बरंचसं कर्ज नाणेनिधीपासूनही लपवलं होतं. २०१६ मध्ये ते उघड झालं. नाणेनिधीने मदत थांबवली, देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला द्यायची रक्कम रोखली, चलन कोसळलं, आणि २०१७ च्या जानेवारीत देशाने हप्ता चुकवला. ट्यूनाच्या बोटी मापुटोच्या बंदरात गंजत उभ्या राहिल्या. इथे मात्र लाच न्यायालयात पोचली. माजी अर्थमंत्री मॅन्युएल चँग २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरले. कर्ज देणाऱ्या क्रेडिट स्विस बँकेलाही मोठा दंड भरावा लागला. अंजनवेल आणि मापुटो यांच्यात फरक बरेच आहेत, पण सरकारी हमी लोकांना न सांगता दिली गेली, हा धागा एकच.

परत पुण्याकडे येऊ, कारण गोष्ट अंजनवेलला संपत नाही. २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या समितीने दाभोळची छाननी केली. गृहसचिव राहिलेला हा माणूस, सरकार आतून ओळखणारा. मंजुरीच्या जवळपास प्रत्येक पायरीवर यंत्रणेने आपलं काम केलं नाही, असा त्यांच्या अहवालाचा सूर होता. दरम्यान १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला होता. त्याचं काम रुक्ष वाटेल, पण ऐका. वीजदर वाढवायचा तर मंडळाने हिशेब जाहीर करायचा, आणि कोणीही नागरिक त्यावर हरकत घेऊ शकतो, जाहीर सुनावणीत. पहिल्याच फेऱ्यांत एक गंमत बाहेर आली. मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं की विजेची गळती विशीच्या आत आहे. आकडे तपासले तर ती तिशीच्या पलीकडे! मधली वीज कुठे दाखवली होती? बिनमीटरच्या कृषिपंपांच्या नावावर. शेतकऱ्याच्या नावाने चोरी खपवली जात होती, आणि शिव्या शेतकऱ्याला बसत होत्या.

मग आलं भारनियमन. २००५-०६ चं पुणे आठवा, दुपारी पंखे बंद आणि कारखान्यांत पाळ्या कोलमडलेल्या. तेव्हा इथल्या उद्योगांच्या संघटनेने, सीआयआयने, एक सूचना मांडली. कारखान्यांकडे स्वतःचे जनित्रसंच आहेत. टंचाईच्या तासांत ते आपली वीज स्वतः बनवतील, वाचलेली वीज शहराला मिळेल. डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी वाटून घ्यायचा, कमी वीज वापरणाऱ्या घरांना वगळून. 'प्रयास'ने हिशेब तपासले, आयोगाने सुनावणी घेतली, आणि २००६ मध्ये पुणे भारनियमनमुक्त झालं. आम्ही एका सुनावणीला जाऊन बसलो होतो. एक निवृत्त गृहस्थ स्वतःचं बिल घेऊन उभे राहिले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "हा आकार कसा काढलात, सांगा." अधिकाऱ्याने कागद काढून सांगितलं. पुणेकराने जादा पैसे द्यायला हो म्हणणं, हे ज्यांनी पुणेकर पाहिलेत त्यांना नवलाचं वाटेल. (हशा) पण तो हो म्हणाला, कारण प्रत्येक पैसा कुठे जाणार ते त्याला दिसत होतं.

एक रास्त शंका उरते. सगळंच उघडं ठेवायचं का? कंपनीची काही गुपितं असतात. असतात, आणि कायदा ती मानतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गोपनीयतेला संरक्षण आहे. पण व्यापक जनहितासाठी माहिती देणं आवश्यक असेल तर ते संरक्षण उठतं, हेही तिथेच लिहिलंय. आमची समजूत अशी, की निविदा उघडेपर्यंत बोलीची रक्कम झाकलेलीच हवी, आणि यंत्राची रचना कायम झाकलेली राहिली तरी हरकत नाही. पण सरकारने कोणती हमी दिली, किती वर्षांसाठी, दर कसा ठरणार आणि खाडा धरला जाणार की नाही, हे व्यापारी गुपित होऊच शकत नाही, कारण ते पैसे भरणारा त्या खोलीत नसतो. ही रेघ नेमकी कुठे मारायची यावर माहिती आयोगापुढे आणि न्यायालयांत बरंच भांडण झालेलं आहे. त्यातले दोन-तीन निकाल पुढच्या वेळी घेऊ. ते उद्योजक गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसलेले दिसतात. त्यांनी चहाच्या वेळी थांबावं, त्यांचं म्हणणं अजून पुरतं ऐकायचं राहिलंय.