बिल कोणी बदललं? सॉफ्टवेअरला विचारा, माणसावर संशय नंतर घ्या



व्हिडिओमध्ये आपण बिलिंग सॉफ्टवेअरमधला एडिट लॉग कुठे असतो ते पाहिलं. आज तो का बघायचा ते सांगतो, आणि त्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

माझं भांड्यांचं दुकान आहे. एक ताई कुकर बदलून घ्यायला आल्या. हातात आमचंच छापील बिल, नंबर ११७४, रक्कम १,८४० रुपये. मी कॉम्प्युटरवर तेच बिल उघडलं, तर तिथे १,६४०! म्हणजे बिल छापल्यानंतर कोणीतरी २०० रुपये कमी केले होते.

तुमच्या मनात आता जे आलं, तेच माझ्याही मनात आलं. ते बिल काउंटरवरच्या मुलाने केलं होतं. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "हे २०० रुपये कुठे गेले?" तो एवढंच म्हणाला, "दादा, मी बिलाला नंतर हातच लावला नाही." दिवसभर तो कोणाशी बोलला नाही.

रात्री मी एडिट लॉग उघडला. त्यात लिहिलं होतं: बिल ११७४, दर १,८४० वरून १,६४०, वेळ रात्री ९:५२, युजर अॅडमिन.

आता गंमत बघा. आमच्याकडे सगळेच अॅडमिनच्या लॉगिनने काम करायचे. त्यामुळे "कोणी" हे लॉगवरून कळेना. पण वेळ कळली. मुलगा आठला घरी जातो. ९:१५ ला मी गल्ला मोजून वहीत लिहिला होता, तेव्हा हिशोब बरोबर जुळला होता. म्हणजे पैसे गेलेच नव्हते, आकडा नंतर बदलला होता. आणि ९:५२ ला दुकानात एकटा मीच होतो.

मग आठवलं. नेहमीच्या एका काकांचा फोन आला होता, "अरे, २०० कमी करतो म्हणाला होतास, बिलात केले नाहीस." त्यांचं उधारीचं बिल होतं ११४७. मी घाईत उघडलं ११७४. दोन्हींत तोच कुकर, म्हणून लक्षातच आलं नाही. काकांच्या खात्यात अजूनही १,८४० च दिसत होते. चोर सापडला, तो मीच!

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. विचारलं सगळ्यांसमोर होतं, तर माफी कोपऱ्यात नेऊन कशी मागणार?

लॉग म्हणजे नक्की काय?

साधं आहे. कोणती नोंद, कोणी, कधी बदलली, आधी काय होतं आणि आता काय आहे, हे सॉफ्टवेअर स्वतःहून लिहून ठेवतं. टॅली प्राइममध्ये रिलीज २.१ पासून एडिट लॉग आहे. झोहो बुक्समध्ये ऑडिट ट्रेल आहे. साध्या एक्सेल फाइलमध्ये आकडा खोडून सेव्ह केला की जुना आकडा गेला. गुगल शीट्समध्ये निदान व्हर्जन हिस्टरी बघता येते.

हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, आणि लॉग बंद करता येणार नाही असं. "माझी तर प्रोप्रायटरशिप आहे" म्हणून सुटलो असं समजू नका. जीएसटी नोंदणी असेल तर सीजीएसटी नियम ५६(८) वाचा. हिशोब कॉम्प्युटरवर ठेवत असाल, तर बदललेल्या आणि डिलीट केलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा असतो.

आजच करा ही ५ कामं

१. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. अॅडमिनचा पासवर्ड फक्त मालकाकडे. हे नसेल तर लॉग अर्धाच कामाचा, मी अनुभवलंय.

२. काउंटरच्या लॉगिनला बिल करण्याचा हक्क द्या, डिलीट करण्याचा देऊ नका.

३. बिल गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की त्यात बदल करू नका. रक्कम कमी करायची असेल तर क्रेडिट नोट करा. मी काकांसाठी हेच करायला हवं होतं. पद्धत तुमच्या सीएंना विचारून घ्या.

४. रोज गल्ला मोजल्यावर विक्रीची एकूण रक्कम वहीत लिहा. सकाळी सॉफ्टवेअरमधली रक्कम वेगळी दिसली, तर रात्रीतून काहीतरी बदललंय.

५. रोज पाच मिनिटं लॉग बघा. डिलीट झालेली बिलं, बदललेले दर, मागच्या तारखेच्या नोंदी आणि दुकान बंद झाल्यानंतरचे बदल, एवढंच बघा.

आणि हो, स्टाफला आधीच सांगा की लॉग चालू आहे आणि त्यात मालकाचीही नोंद होते. हे ऐकून आमच्या मुलाला बरंच वाटलं.

लॉगला काय कळत नाही?

बदल का केला, हे तो सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. आणि बिल न करताच माल विकला, तर लॉगमध्ये काहीच येत नाही. त्यासाठी स्टॉक मोजण्याला पर्याय नाही.

मित्रांनो, २०० रुपये आपण दुपारपर्यंत पुन्हा कमावतो. प्रामाणिक माणूस मनातून तुटला, तर तो परत मिळत नाही. म्हणून आधी लॉग उघडा, मग तोंड उघडा.

आज दुकान बंद करण्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरचा लॉग एकदा बघाच. सगळ्या ओळींत एकच युजर दिसला, तर पहिलं काम कोणतं ते तुम्हाला कळलंय.