तीच फीत, निराळे सांधे
(तृतीय वर्ष, कला)

‘ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, डोळ्यांनी पाहावे आणि मगच बोलावे,’ असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. हा उपदेश रूढ झाला तेव्हा चित्रपट जन्माला यायचा होता. चित्रपट आला आणि मोठी विलक्षण गोष्ट घडली. दुसऱ्याने निवडलेले, दुसऱ्याने कापलेले आणि दुसऱ्यानेच जोडलेले दृश्य आपल्या डोळ्यांपुढे आले, आणि आपण मात्र ‘मी स्वतः पाहिले’ असे म्हणू लागलो. प्रसारमाध्यमे माणसाचे मन कसे वळवितात, या प्रश्नाचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

विषय फार मोठा आहे. जाहिरात, वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन आणि आता हातातला मोबाईल, या सर्वांचा परामर्श एका लेखात घेणे शक्य नाही. म्हणून मी एकच उदाहरण घेतो, आणि तेही आपल्या जिल्ह्यातले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि त्यांच्यावरील ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा हिंदी चित्रपट.

प्रथम माणूस पाहू, मग त्याचे चित्र. डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ साली, पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना झाले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. चौघे पुढे परत आले. कोटणीस राहिले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेथील विद्यार्थ्यांना त्यांनी शल्यविद्या शिकविली. १९४१ मध्ये गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्याच साली मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. तो चार महिन्यांचाही झाला नव्हता तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचा अंत झाला. वय अवघे ३२ वर्षांचे.

आता चित्राकडे वळू. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या डॉक्टरवर इंग्रजीत छोटेखानी पुस्तक लिहिले आणि त्यावरून चित्रपटाची कथा सिद्ध झाली. शांतारामबापूंनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली; चिनी नायिका झाल्या मराठी अभिनेत्री जयश्री. संगीत वसंत देसाई यांचे. एवढी माहिती बहुतेक रसिकांना असते. परंतु हा चित्रपट निघाला कसा, हा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. ती परदेशातून येई आणि सरकारी परवान्याशिवाय मिळत नसे. १९४२ साली चित्रपटाची लांबीसुद्धा ११,००० फुटांवर आणून ठेवण्यात आली. युद्धप्रयत्नांना साहाय्य होईल असे चित्रपट काढावेत, ही सरकारची निर्मात्यांकडून अपेक्षा होती. १९४० मध्ये सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले होते, आणि शांतारामबापू काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते. १९४३ पासून तर सरकारमान्य प्रचारपट व वार्तापट दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारकच झाले. अशा परिस्थितीत कोटणीसांची कथा पुढे आली. कथेतला शत्रू जपानी, आणि जपानी हे इंग्रजांचेही शत्रू. तेव्हा युद्धाला मदत करणारा चित्रपट या नावाखाली तो बसला.

पण गंमत पाहा. ज्या काँग्रेसने हे पथक धाडले, तिचे पुढारी ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होते. त्याच काँग्रेसच्या पथकातील एका तरुणाची गौरवगाथा सरकारी परवान्याच्या फिल्मवर छापली जाणार होती! परवाना युद्धासाठी, मजकूर राष्ट्रभक्तीचा. आणि चित्रपट पडद्यावर आला १९४६ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर. जपान शरण आला होता आणि स्वातंत्र्य उंबरठ्यावर उभे होते. सोलापूरने तर १९३० चा मार्शल लॉ आणि १९३१ चे चार हुतात्मे पाहिलेले. असा प्रेक्षक पडद्यावर काय पाहणार? त्याला जपान्यांविरुद्धचे युद्ध पाहायचे नव्हते. परक्या भूमीवर देशाचे नाव राखणारा आपला माणूस त्याला दिसला असणार. चित्रपटातला एक फूटही न बदलता त्याचा अर्थ बदलला, कारण पाहणाऱ्याचे दिवस बदलले.

हे घडते कसे? चित्रपटाच्या अभ्यासात एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. सुमारे १९२० च्या आसपास रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे दृश्य घेतले आणि ते निरनिराळ्या दृश्यांना जोडले. एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक. चेहरा तोच होता. भूक आणि शोक प्रेक्षकांनी आपल्या मनातून आणून त्यावर ठेवले होते. संकलनाची, म्हणजे जोडणीची, सारी शक्ती या एका प्रयोगात सामावली आहे. दोन दृश्ये शेजारी आली की त्यांमधला संबंध प्रेक्षक स्वतः लावतो. आणि जो संबंध आपण स्वतः लावला तो आपल्याला कोणी सांगितलेला वाटत नाही. पटवून देण्याची याहून प्रभावी रीत कोणती असणार?

कोटणीसांच्या चित्रपटाचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मरणशय्येवरचे डॉक्टर पत्नीला सांगत आहेत की तू माझ्या घरी जाशील तेव्हा तुझे स्वागत कसे होईल. आवाज त्यांचा, आणि पडद्यावर दिसते ती बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येणारी पत्नी. मरणाऱ्याचा आवाज आणि घराचा उंबरठा एकत्र आले की कोणाचेही डोळे पाणावतात, माझेही पाणावले. प्रत्यक्षात १९४६ साली गुओ चिंगलान चीनमध्येच होत्या. त्या भारतात आल्या त्या पुढे कित्येक वर्षांनी. म्हणजे जे घडले नव्हते ते चित्रपटाने आधीच आपल्या स्मरणात नेऊन ठेवले.

निवडीचेही तसेच. चित्रपटात साथीच्या भयंकर रोगाचा प्रसंग मध्यवर्ती आहे. डॉक्टर तो रोग स्वतःच्या अंगावर घेऊन उपाय करून पाहतो. जपानी सैनिकांच्या हाती सापडतो. नाट्याला अशा प्रसंगांची गरज असते, हे मान्य. परंतु खऱ्या कोटणीसांचे मोठेपण मला निराळ्या जागी दिसते. रोज येणारे जखमी, रोजच्या शस्त्रक्रिया, परक्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकविणे, अपुरी साधने, आणि त्यातच आपल्या शरीराला जडलेला आजार. यात टाळ्या घेणारा प्रसंग एकही नाही. चार वर्षे असे काम करीत राहणे पडद्यावर दाखविणे कठीण आहे. म्हणून ते मागे पडते आणि साथीचा रोग पुढे येतो. खोटे बोलण्याच्या हेतूने कोणी असे करीत असेल असे नव्हे. माध्यमाला जे पेलते ते ते घेते, आणि जे पेलत नाही ते हळूच खाली ठेवते. खाली काय ठेवले, हे मात्र प्रेक्षकाला कधीच दिसत नाही.

या चित्रपटाचा पुढचा प्रवास तर थक्क करणारा आहे. परदेशासाठी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली होती. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात, म्हणजे चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर, ती कापून, नव्याने जोडून, ‘नाइटमेअर इन रेड चायना’ म्हणजे ‘लाल चीनमधील दुःस्वप्न’ अशा नावाने दाखविण्यात आली. चिनी जनतेसाठी प्राण वेचणाऱ्या, स्वतः त्या पक्षाचा सभासद झालेल्या माणसाची कहाणी त्याच पक्षाची भीती विकण्यासाठी वापरली गेली! इकडे भारतात १९६२ च्या युद्धानंतर तोच चित्रपट पाहणाऱ्याच्या मनात आणखी निराळे तरंग उठले असतील. तिकडे चीनमध्ये कोटणीस हे मैत्रीचे प्रतीक म्हणून आजही पूजिले जातात. इंग्रजांचे युद्ध, काँग्रेसची देशभक्ती, भारत-चीन मैत्री आणि अमेरिकेची लाल भीती, या साऱ्यांचे ओझे एकाच मृत तरुणाच्या खांद्यावर आले. त्याला मात्र ‘हे माझे नव्हे’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती.

कुर्डुवाडीत राहणाऱ्याला हे समजण्यास अवघड जाऊ नये. आपल्या जंक्शनवरून एक वाट मुंबईला, एक सोलापूरला, एक लातूरला, एक मिरजेला जाते. डबे तेच असतात. सांधे बदलले की त्यांचे गाव बदलते. आत बसलेल्या उतारूला सांधा बदलल्याचे कळतही नाही. फार तर एखादा हिसका बसतो आणि तो पुन्हा डोळे मिटतो. चित्रपटात परवाना, जोडणी, निवेदकाचा आवाज, संगीत आणि शीर्षक हे असे सांधे होत. आपण पाहतो ते डब्यांकडे, आणि सांध्यापाशी कोण उभा आहे हे पाहायचे राहून जाते.

यावर कोणी म्हणेल की प्रचार ओळखायला एवढे पांडित्य कशाला? माझे आजोबा जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाच्या गोष्टी सांगत. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची सरकारी चित्रफीत लागे. ती लागली की निम्मी मंडळी बिडी ओढायला बाहेर जात आणि खरा खेळ सुरू झाला की परत येत. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कित्येक उत्तम माहितीपट काढले. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. परंतु आजोबांच्या गोष्टीतून मला एक नियम सापडतो. जो प्रचार ‘मी प्रचार आहे’ असे सांगून येतो, त्याच्यापुढून माणूस उठून जातो. जो गोष्टीचे रूप घेऊन येतो त्याच्यापुढे तो मांडी घालून बसतो. बिडी ओढायला गेलेल्या माणसाचे मन सरकारी फितीने वळविले नसेल. परत आल्यावर पाहिलेल्या ‘खऱ्या खेळा’ने ते किती वळविले, याचा हिशेब त्याने कधी केला नाही.

मग मन वळविणे हे वाईटच काय? मला तसे वाटत नाही. कीर्तनकार मन वळवितो, शिक्षक वळवितो, आई वळविते. शांतारामबापूंनी हा चित्रपट काढला नसता तर सोलापूरच्या या डॉक्टरचे नाव भारतभर किती जणांना ठाऊक झाले असते, याची मला शंकाच आहे. चित्रपटाचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की चित्रपटाने ओळख करून दिली, पण पुढची माहिती करून घेण्याचे काम आपले आहे. आणि आपण या जिल्ह्याचे असल्यामुळे ते इतरांपेक्षा अधिक आपले आहे.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. एके काळी सांधे बदलायला स्टुडिओ, कच्ची फिल्म आणि सरकारी परवाना लागे. आज एक मोबाईल पुरतो. कोणाच्या तासाभराच्या भाषणातली दहा सेकंदे कापावी, खाली निराळे वाक्य लिहावे, मागे करुण किंवा वीररसाचे संगीत लावावे, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावोगाव पोहोचते. दाखविणारा आपलाच मामा किंवा आपलाच मित्र असतो, म्हणून तर आपण अधिकच विश्वास ठेवतो. अशा वेळी मी स्वतःला चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घेत आहे. हे कोणी आणि कोणत्या गरजेतून बनविले? यात काय दाखवायचे राहिले? आवाज आणि संगीत काढून टाकले तर हेच दृश्य मला काय सांगेल? आणि ज्याच्याविषयी हे आहे, तो समोर असता तर त्याने मान डोलावली असती काय?

यातला चौथा प्रश्न मला कोटणीसांनी शिकविला.

शेवटी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. येत्या ९ डिसेंबरला आपल्या महाविद्यालयात हा चित्रपट दाखवावा. दुसऱ्या दिवशी इतिहास आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून डॉक्टरांच्या चरित्राचे वाचन ठेवावे, आणि चित्रपटात काय आले, काय गळले, याची मोकळी चर्चा करावी. शक्य झाल्यास सोलापुरातील त्यांच्या स्मारकालाही भेट द्यावी. कुर्डुवाडीहून ते दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.